चॉकलेट कुकीज: बडोद्याच्या हवेत, घरच्या ओव्हनमध्ये

पाककृतीत लिहिलेलं असतं, 'बटर रूम टेंपरेचरला आणून घ्या.' मी पहिल्यांदा चॉकलेट कुकीज केल्या तो मे महिना होता. दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा पस्तीस अंशांच्या वर गरम होत होतं. ओट्यावर काढून ठेवलेलं बटर थोड्याच वेळात कडेने तेलकट झालं. साखर त्यात फेसलीच जाईना, नुसती बुडली. ट्रेमध्ये बारा गोळे ठेवले होते, बाहेर आला तो सगळा मिळून एकच पातळ पापुद्रा.

पाककृतीत चूक काही नव्हती. पण बहुतेक पाककृती थंड देशांतून आलेल्या असतात आणि तिथलं रूम टेंपरेचर म्हणजे १८ ते २१ अंश. बटर वितळतं ३२ ते ३५ अंशांच्या आसपास. बडोद्याचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, म्हणजे आपल्याकडे बटर 'रूम टेंपरेचरला' आणायचं तर त्याचं तूपच होणार. आज पहिल्यांदाच कुकीज करणाऱ्या कोणालाही मी आधी एवढंच सांगते, की बटरच्या थंडपणावर लक्ष ठेवा. बाकीच्या लहानसहान चुका कुकी पोटात घालते.

आणि घाबरायचं तर काहीच कारण नाही. ज्यांच्या घरी नानखटाई होते त्यांना यातलं निम्मं काम येतंच. आमची आजी दिवाळीच्या आधी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायला बसायची. तूप पांढरंशुभ्र होऊन पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की मगच मैदा. मग ट्रे भरून बेकरीच्या भट्टीत भाजायला जायचे आणि घरी येणारा तो वास अख्ख्या वाड्याला कळायचा. कुकीचा पाया तोच आहे. तुपाऐवजी बटर येतं, थोडा ओलावा येतो, आणि तळहाताऐवजी चमचा.

सामान

साधारण १८ कुकीज होतील एवढं सांगते. यात अंडं नाही. डबा शेजारी गेला की बेन पहिल्यांदा विचारणार, 'आमां ईंडुं नथी ने?' आणि मला ती बशी निःशंक मनाने पुढे करता यायला हवी असते.

बटर १०० ग्रॅम
पिठीसाखर ६० ग्रॅम
गुळाची पावडर ४० ग्रॅम
मैदा १३० ग्रॅम
कोको पावडर २० ग्रॅम
बेकिंग पावडर अर्धा टीस्पून
खायचा सोडा पाव टीस्पून
दूध २ टेबलस्पून
व्हॅनिला इसेन्स अर्धा टीस्पून
डार्क चॉकलेटची वडी ८० ग्रॅम
झटपट कॉफीची पावडर, असली तर दोन चिमटी

टीस्पून म्हणजे ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा मापाचा चमचा. घरातले चहाचे चमचे आणि डाव एकसारखे नसतात. भाजीत त्याने फरक पडत नाही, सोड्यात पडतो. वाटीने मैदा मोजण्याचाही मोह टाळा. तीच वाटी चेपून भरली आणि सैल भरली तर वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज येतो, आणि तेवढ्याने कुकी दगडासारखी तरी होते नाहीतर पसरते तरी. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. ओव्हनच्याही आधी घ्यावी अशी ती वस्तू आहे.

बटर पाकिटातलं नेहमीचं चालतं. ते खारं असतं, म्हणून वरून मीठ घालायचं नाही. बिनमिठाचं मिळालं तर दोन चिमटी मीठ घाला. गोड पदार्थात मीठ नसलं की चॉकलेट सपक लागतं. घरी साय घुसळून काढलेलं पांढरं लोणी वापरायचं असेल तर ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून ताक आणि पाणी पूर्ण काढा. तरी त्यात पाणी पाकिटातल्या बटरपेक्षा जास्तच राहतं, म्हणून दूध आधी एकच चमचा घालून बघा. तूप मात्र घेऊ नका. तुपात पाणी नसतं, त्याची कुकी खुसखुशीत पण भुसभुशीत होते. ती चवीला उत्तम, पण नानखटाईच्या वाटेला गेलेली असते.

गुळाची पावडर ही माझी भर. मूळ पाककृतींमध्ये ब्राऊन शुगर असते. तिच्यात उसाच्या मळीचा अंश असतो, त्याने कुकी मधून मऊ आणि चिवट राहते. गुळात तो अंश असतोच, शिवाय गुळाची किंचित आम्लता खायच्या सोड्याला कामाला लावते. हाथीखान्याच्या बाजारातून आणलेला ढेपेचा गूळही किसून चालतो, फक्त तो कोरडा असावा. पावसाळ्यात पाझरलेला चिकट गूळ घेतलात तर मिश्रण ओलं होईल.

कोको पावडर विकत घेताना डब्यावरची घटकांची यादी वाचा. ड्रिंकिंग चॉकलेट नको, त्यात साखरच जास्त असते. यादीत कोकोबरोबर 'अॅसिडिटी रेग्युलेटर' आणि ५०१ किंवा ५२५ असा आकडा दिसला, तर त्या कोकोतली आम्लता काढून घेतलेली आहे. असा कोको रंगाने गडद आणि चवीला सौम्य असतो. या कुकीजना दोन्ही प्रकारचे कोको चालतात, कारण सोड्याला लागणारं आम्ल गुळातून मिळतं आणि बेकिंग पावडर स्वतःचं आम्ल बरोबर घेऊनच येते. पण एखाद्या पाककृतीत फक्त सोडा आणि साधी साखर असेल, तर आम्लता काढलेल्या कोकोने कुकी फुगत नाही आणि सोड्याची साबणासारखी चव राहते.

चॉकलेटसाठी तयार चिप्सपेक्षा वडी घेऊन सुरीने तोडा. स्वस्त चिप्स आणि 'कंपाउंड' म्हणून मिळणारी लादी यांत कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीऐवजी, दुसरं वनस्पती तूप असतं. आकार टिकतो, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेने विरघळतं. खऱ्या चॉकलेटची मजा तिथे आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन गावच्या टोल हाउस इनमध्ये रुथ वेकफील्ड यांनी चॉकलेट चिप कुकी केली, तेव्हा त्यांनीही वडीचेच तुकडे घातले होते. चिप्स बाजारात आल्या त्या नंतर. तुकडे लहानमोठे राहू द्या. सुरीखाली पडलेला चुराही मिश्रणात जाऊ द्या, त्याने सगळीकडे चॉकलेट पोचतं.

पीठ भिजवण्याआधी

मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि कॉफी एकत्र करून दोनदा चाळून घ्या. कोकोत गुठळ्या फार असतात आणि न मोडलेली गुठळी दाताखाली कडू लागते. सोड्याचंही तेच. पिठीसाखर आणि गूळही चाळा.

आता बटर. फ्रीजमधून काढून काट्यावर तोला आणि सुरीने बोराएवढे तुकडे करा. उत्तरायणाच्या सुमारास, सकाळी गारठा असताना, हे तुकडे अर्धा-पाऊण तास बाहेर राहिले तरी चालतं. मेमध्ये पाच ते सात मिनिटं पुरतात. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा: तुकड्यावर बोट दाबलं की खळगा पडायला हवा, पण बोट आत घुसायला नको. हाताला बटर अजून गार लागलं पाहिजे आणि वर चकाकी आलेली नसावी. चकाकी आली म्हणजे वितळायला सुरुवात झाली. तसं झालं तर भांडं सरळ दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

बटर, पिठीसाखर आणि गूळ लाकडी चमच्याने किंवा हातातल्या बीटरने दोन-तीन मिनिटं फेसा. रंग फिकट होऊन मिश्रण हलकं दिसलं की थांबा. आजीसारखं तळहाताने फेसू नका, तळहाताच्या उबेने बटर पाघळतं. उन्हाळ्यात मी भांडं गार पाणी घातलेल्या परातीत ठेवून फेसते. पाण्याचा थेंब आत जाणार नाही एवढी काळजी घ्यायची. फेसताना साखरेच्या कणांनी बटरमध्ये हवेचे बारीक कप्पे तयार होतात आणि पुढे भट्टीत तेच फुगतात. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही, माझ्या पहिल्या ट्रेचं बिघडलं ते इथेच.

मग दूध आणि व्हॅनिला घालून ढवळा. दूध घातल्यावर मिश्रण थोडं फाटल्यासारखं दिसेल. ते मैदा पडला की जुळून येतं. चाळलेलं कोरडं मिश्रण दोन भागांत घाला आणि कोरडा मैदा दिसेनासा होताच हात आवरा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं अजिबात नाही. मैदा ओला करून जितका मळाल तितकं त्यातलं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि कुकी चामट होते. शेवटी चॉकलेटचे तुकडे घालून चार-पाच वेळा वरखाली करा. गोळा मऊ पण न पसरणारा हवा. भुरभुरत असेल तर दूध अर्ध्या-अर्ध्या चमच्याने वाढवा.

घरात मुलं असतील तर चमचा चाटायला हात पुढे येणारच. अंडं नसलं तरी कच्चा मैदा पोटात जाऊ देऊ नये, त्यातही रोगजंतू असू शकतात. चाटायला चॉकलेटचा एक तुकडा वेगळा काढून ठेवा.

गार होऊ द्या

झाकण लावून गोळा फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत अर्धा तास, उन्हाळ्यात पुरता एक तास. नवखे लोक हमखास गाळतात ती हीच पायरी, कारण या वेळात काही घडताना दिसत नाही. घडतं मात्र पुष्कळ. बटर पुन्हा घट्ट होतं, त्यामुळे भट्टीत गेल्यावर ते वितळायला वेळ घेतं आणि तेवढ्यात कडा धरून बसतात. मैदा ओलावा शोषून घेतो. गुळाची चवही मुरते.

मग साधारण २५ ग्रॅमचे, मोठ्या पेढ्याएवढे गोळे करा. पहिला गोळा काट्यावर तोलून बघितला की बाकीचे डोळ्यांना कळतात. एकाच ट्रेमधले गोळे सारखे हवेत, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. ट्रेवर बटर पेपर अंथरा, पण मेण लावलेला कागद नको, तो उष्णतेने मेण सोडतो. ट्रेला तूप किंवा तेल चोपडू नका. निसरड्या ट्रेवर कुकी जास्त पसरते. गोळ्यांमध्ये दोन-दोन इंच जागा सोडा आणि बोटांनी किंचित चपटे करा. मेमध्ये हे होईतो गोळे पुन्हा मऊ झालेले असतात. तेव्हा भरलेला ट्रे दहा मिनिटं फ्रीजरमध्ये, तो मावत नसेल तर गोळे ताटलीत घालून.

ओव्हन, आणि नसेल तर कढई

ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल चालू करून १७० अंशांवर किमान दहा मिनिटं तापवा. ओटीजीला जाड पिनांचं, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. जुन्या वाड्यांमधल्या साध्या प्लगवर तो लावू नका. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवर १६० अंश ठेवा, कारण आतला पंखा उष्णता जोरात फिरवतो. नुसत्या मायक्रोवेव्हवर कुकी भाजली जात नाही, आतून शिजून रबरासारखी होते.

यातलं काही नसेल तर जाड बुडाची जुनी अॅल्युमिनियमची कढई किंवा पातेलं घ्या. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर लोखंडी कडं ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आंचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. मग गॅस बारीक करून कुकीजची ताटली कड्यावर ठेवायची. नॉनस्टिक भांडं यासाठी कधीच नको, ते रिकामं तापवणं धोक्याचं. कुकरही मी वापरत नाही. पाण्याशिवाय तापवणं त्याच्या बांधणीत बसत नाही. कढईत वरून आंच नसल्याने कुकी वरून फिकी आणि खालून जास्त भाजलेली निघते. म्हणून ताटलीखाली दुसरी एक ताटली उपडी ठेवते. वेळ १५ ते १८ मिनिटं. मीठ गार झालं की बरणीत भरून ठेवा, ते पुढच्या वेळी याच कामाला येतं.

कोणत्याही भट्टीत आधी एकच गोळा भाजून बघा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत दहा-वीस अंशांचा फरक असू शकतो. एका कुकीवरून तुमचा ओव्हन कसा आहे ते कळतं. फार पसरली तर उरलेले गोळे अजून गार करा, अजिबात पसरली नाही तर बाकीचे हाताने थोडे जास्त चपटे करा, बूड काळं झालं तर ट्रे एक घर वर घ्या. गडद रंगाचे ट्रे खालून लवकर भाजतात हेही लक्षात ठेवा.

झालं हे कसं ओळखायचं

नानखटाई झाली हे तिच्या बदामी रंगावरून कळतं. चॉकलेट कुकी आधीच तपकिरी असते, रंग काही सांगत नाही. म्हणून नवखी माणसं 'अजून दोन मिनिटं' करत राहतात आणि कुकी कडक होते.

ओव्हनमध्ये ११ ते १३ मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला काचेतून बघायला लागा. सुरुवातीला कुकीचा माथा ओला, चकचकीत दिसतो. मग तो चकाकी सोडून मंद होतो आणि बारीक भेगा पडतात. कडा बोटाला घट्ट लागतात, मध्यभाग अजून मऊ, दाबला तर खचणारा. नेमक्या याच वेळी बाहेर काढायची. वासही सांगतो: चॉकलेटचा गोड दरवळ घरभर पसरला म्हणजे वेळ झाली, त्यात कडवट झाक आली म्हणजे उशीर झाला.

बाहेर काढलेली कुकी उचलायला गेलात तर मोडेल. ती कच्ची नाही. तापलेला ट्रे तिला खालून अजून भाजत असतो, आणि बटर, साखर गार होतील तशी ती घट्ट होते. पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर काढा. जाळी नसेल तर पुरणाची पालथी चाळणी चालते. ताटात ठेवल्या तर खाली वाफ धरते आणि बूड ओलं होतं. चवीचा अंदाज अर्ध्या तासाने घ्या. गरमागरम कुकी खायला सगळ्यांना आवडते, मलाही, पण तिची खरी चव आणि पोत गार झाल्यावरच येतो.

दुसरा घाणा टाकण्याआधी ट्रे पूर्ण गार करा, हवं तर नळाखाली धरून पुसून घ्या. गरम ट्रेवर ठेवलेला गोळा ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळू लागतो.

पावसाळा आणि डबा

पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. थोडी जरी ऊब राहिली तरी झाकणाला आतून घाम येतो. आठवडाभर छान राहतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशीच मऊ पडतात; तेव्हा डब्याच्या तळाशी मूठभर कोरडे तांदूळ सुती कापडात बांधून ठेवा. तरी नरमल्या तर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवून पुन्हा गार करा, कडा परत कुरकुरीत होतात.

आमच्या घरी मात्र आता सगळ्या एकदम भाजतच नाही. गोळे करून ताटलीत फ्रीजरमध्ये कडक होऊ द्यायचे, मग झिपच्या पिशवीत भरून वर तारीख लिहायची. महिनाभर चांगले टिकतात. दिवाळीत चकल्या आणि मठियांच्या गडबडीत ओटा रिकामा नसतो, पण ओव्हन रिकामा असतो. पाहुणे दारात चपला काढत असताना सहा गोळे थेट फ्रीजरमधून ट्रेवर ठेवायचे, वितळू द्यायचे नाहीत, आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त भाजायचे. चहा उकळून गाळेपर्यंत कुकीज जाळीवर आलेल्या असतात.